ओढ, ओढा आणि आकर्षण

गेल्या वर्षीं पदवीच्या पहिल्या वर्गांतील विद्यार्थ्यांना भाषांतरासाठीं मीं एक लहानसा इंग्रजी उतारा दिला. तो मींच रचलेला असल्यामुळें त्यांतील दोषांची जबाबदारी दुसऱ्या कोणावर टाकतां येत नाहीं. प्रसंग अगदीं साधा होता. एक तरुण वाटसरू खेड्यावरून चालला आहे. ओढ्याच्या कांठीं एक मुलगी धुणें धूत आहे. ती मान वर करून पाहतही नाहीं. आणि हा मात्र जागच्या जागीं थबकतो. या थबकण्याचें वर्णन करतांना मीं ‘अट्रॅक्ट’ हें क्रियापद योजिलें होतें, आणि इंग्रजीच्या रीतीप्रमाणें मुलीला त्या क्रियापदाची कर्त्री केलें होतें. उत्तरें आलीं तेव्हां जवळजवळ सर्वांनीं एकच वाक्य लिहिलेलें दिसलें : ‘त्या मुलीनें त्याला आकर्षित केलें.’ दोघांतिघांनीं तर भाषांतराचा त्रासही घेतला नव्हता. ‘तो तिच्याकडे अट्रॅक्ट झाला’ असें लिहून ते मोकळे झाले. एका विद्यार्थिनीनें मात्र लिहिलें होतें, ‘त्याचा पाय तेथून निघेना.’

मीं त्या वाक्याखालीं तांबडी रेघ मारली, समासांत ‘मूळ क्रियापद गळलें’ असा शेरा दिला आणि अर्धा गुण कापला. पुढील सर्व विवेचन त्या अर्ध्या गुणासंबंधीं आहे.

पहिला प्रश्न असा, कीं त्या मुलीनें केलें तरी काय? तिनें धुणें धुतलें. तिनें हांक मारली नाहीं, खूण केली नाहीं, हंसली नाहीं. तरी पन्नासांहून अधिक सुशिक्षित मराठी मुलामुलींनीं तिच्या माथीं एक क्रिया मारली, आणि तीही कशी, तर दुसऱ्याला स्वतःकडे ओढून घेण्याची. इंग्रजींत हें वाक्य फारसें खटकत नाहीं, कारण त्या भाषेंत निर्जीव व निष्क्रिय वस्तूंनाही सकर्मक क्रियापदाचा कर्ता होण्याची जुनी संवय आहे. तेथें दृश्य माणसाला आनंदवितें, बातमी त्याला धक्का देते, पुस्तक त्याला गुंतवितें. वाचणाऱ्यालाही ठाऊक असतें कीं हें कर्तेपण व्याकरणापुरतें आहे. मराठींत ‘नें’ हा प्रत्यय इतका निरुपद्रवी नाहीं. ‘मुलीनें केलें’ म्हटलें कीं केलें. त्यामागें हेतु आला आणि हेतूबरोबर जबाबदारीही आली. हा केवळ भाषांतराचा बारकावा असता तर मीं त्यावर लेखणी झिजविली नसती. परंतु वर्तमानपत्रें उघडावीं तों असलीं वाक्यें रोज आढळतात. एखाद्या मुलीचा कोणी पाठलाग केला, तर तिच्या सौंदर्यानें त्याला आकर्षित केलें होतें असें लिहिलेलें असतें. न्यायालयांत मुलीचा संबंध काय ठरेल तें ठरो. वाक्यांत ती आधींच कर्त्री ठरून गेलेली असते.

त्या इंग्रजी शब्दाचें कुळ पाहूं गेल्यास त्याचा मूळ व्यवसाय प्रेमाचा नव्हताच. लॅटिन भाषेंतील ओढणें या अर्थाच्या धातूपासून तो निघाला. पंधराव्या शतकांत इंग्रजी वैद्यांच्या लिहिण्यांत तो प्रथम दिसतो तो शरीरांतील दूषित द्रव्य बाहेर ओढून काढण्याच्या अर्थानें. पुढें सोळाव्या-सतराव्या शतकांत तो माणसाच्या मनालाही लागू झाला आणि लोहचुंबकालाही. शेतांतील ट्रॅक्टर त्याच धातूचा नातलग आहे. न्यूटननें १६८७ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत हा शब्द घेतला. परंतु आपण तो गणितापुरता वापरीत आहों, ओढण्याचें भौतिक कारण त्यानें सांगितलें जात नाहीं, असा खुलासाही त्यानें तेथेंच केला. पृथ्वी खरोखर हात लांब करून ओढते असें कोणीं समजूं नये, एवढी काळजी त्या महापुरुषाला ग्रहगोलांविषयीं वाटली. माणसांविषयीं लिहितांना आम्हांला ती वाटत नाहीं.

‘हॅम्लेट’ नाटकांत राजपुत्र ऑफीलियाच्या बाजूला जाऊन बसतो, तेव्हां तिला अधिक ओढ असलेल्या धातूची उपमा देतो. लोहचुंबकावरची ती कोटि आहे, आणि भरसभेंत त्या मुलीला संकोचांत टाकण्यासाठीं केलेली आहे. आगरकरांच्या ‘विकारविलसिता’मुळें (१८८३) हें नाटक मराठी वाचकाला फार दिवसांपासून परिचित आहे, कोटि कळण्यास अडचण पडूं नये. मला तिच्यांत जें दिसतें तें असें, कीं ज्या मुलीला चुंबक म्हटलें, तिनें त्या नाटकांत कोणालाच ओढलेलें नाहीं. बाप, भाऊ आणि प्रियकर या तिघांनीं तिची ओढाताण केली, आणि शेवटीं ती बुडाली तीही एका ओढ्यांत.

आतां आपल्या ‘आकर्षणा’कडे वळूं. हा शब्द परका नव्हे, आणि त्याला हांकलून द्यावें असें म्हणण्याचा माझा हेतु नाहीं. ‘कृष्’ या धातूचा अर्थ ओढणें आणि नांगरणें; ‘कृषि’ त्यांतूनच आली. भास्कराचार्यांनीं ‘सिद्धान्तशिरोमणी’च्या (११५०) गोलाध्यायांत पृथ्वीच्या अंगीं ‘आकृष्टिशक्ति’ असल्याचें म्हटलें आहे, व आजच्या शाळेंतील ‘गुरुत्वाकर्षण’ त्याच घराण्यांतलें आहे. ‘कृष्’ला प्राकृतांत ‘कड्ढ’ असा आदेश होतो असें हेमचंद्र सांगतो. आपलें ‘काढणें’ याच वाटेनें आलेलें. म्हणजे विहिरींतून पाणी काढणारी बाई आणि आकाशांतील ग्रह यांचें क्रियापद मुळांत एकच आहे. पंडितांचा आक्षेप ‘आकर्षित’ या रूपाला असतो. शुद्ध रूप ‘आकृष्ट’ असें ते सांगतात. मला तो वाद महत्त्वाचा वाटत नाहीं. प्रयोजक रूपावरून ‘आकर्षित’ही साधतां येतें, आणि ‘त्या मुलीनें त्याला आकृष्ट केलें’ असें लिहिलें म्हणून त्या मुलीवरील आरोप तिळमात्र कमी होत नाहीं. शब्द शुद्ध करावा आणि वाक्य अशुद्ध ठेवावें, ही शुद्धि कसली? कै. माधवराव पटवर्धनांनीं १९३८ सालीं ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहिला, त्यांतील ‘विवेक’ हा शब्द आमचे शुद्धिवाले बहुधा वाचावयाचा विसरतात. स्वतः पटवर्धन फार्शीचे प्राध्यापक होते, आणि फार्शी-मराठी कोश त्यांनींच रचला. त्या भाषेंतला ओढणें या अर्थाचा धातु आपल्याकडे फक्त ‘कशिद्या’च्या रूपानें आला व सुईदोऱ्यापाशीं थांबला. प्रीतीच्या प्रांतांत त्याला जागा मिळाली नाहीं, कारण ती जागा आधींच भरलेली होती.

ती भरली होती ‘ओढ’ या शब्दानें. माझें मूळ गांव जुन्नर तालुक्यांतील आळे. पुणें-नाशिक आणि कल्याण-नगर हे दोन हमरस्ते जेथें एकमेकांना छेदतात त्या आळेफाट्यावरून दिवसांतून हजारों माणसें जात असतील. त्यांतील बहुतेकांना फाटा माहीत असतो, गांव नसतें. या गांवांत माझें बालपण गेलें, आणि ‘ओढ’ या शब्दाचे जेवढे अर्थ मला ठाऊक आहेत ते बहुतेक तेथेंच कानावर पडले. तालुक्याच्या पश्चिमेस नाणेघाटाच्या बाजूला पाऊस कोसळतो. आमच्या पूर्वेकडच्या भागांत तो मोजूनमापून येतो. मृगाचा पेरा झाल्यावर आठपंधरा दिवस आभाळ कोरडें गेलें कीं माझी आई म्हणे, ‘पावसानं ओढ दिली.’ हाच शब्द दिवाळीच्या सुमारास तिच्या पत्रांत येई. मी पुण्यास शिकावयास होतों, आणि ती लिही, ‘तुला घराची ओढ कशी लागत नाहीं?’ लहानपणीं मला याचा फार अचंबा वाटे. पाऊस येत नाहीं तीही ओढ, आणि मुलाला घरीं यावेंसें वाटतें तीही ओढ! पुढें ध्यानांत आलें कीं यांत विसंगति मुळींच नाहीं. दोराला दोन टोकें असतात. एकानें आपल्या बाजूनें ताण दिला म्हणजे दुसऱ्याला तो जाणवतोच. पाऊस पलीकडे ओढून धरतो म्हणूनच अलीकडचा शेतकरी आभाळाकडे ओढला जातो. आकर्षणाच्या कल्पनेंत हा दूरपणा, ही वाट पाहणें नाहीं. चुंबकाला टांचणीची वाट पाहावी लागत नाहीं.

याच शब्दाचा भाऊ ‘ओढा’. त्याचे दोन अर्थ प्रत्येक मराठी मुलाच्या जिभेवर असतात : एक पाण्याचा प्रवाह, आणि दुसरा मनाचा कल. ‘त्याचा ओढा गणिताकडे आहे’ असें आपण म्हणतों तेव्हां गणित त्याला दोर लावून ओढीत असतें असें कोणाला वाटत नाहीं. पाणी उताराला लागतें तसें त्याचें मन तिकडे वाहतें, एवढेंच. यावर आमचे पदार्थविज्ञानाचे एक सहकारी म्हणाले, ‘पण पाण्याला तरी उताराकडे कोण ओढतें? पृथ्वीच ना?’ मला ही कोटि मान्य करणें भाग पडलें. परंतु ओढ्याकांठीं बसलेल्या माणसाला दिसतो तो उतार, आणि भाषा त्या माणसानें केली, प्रयोगशाळेनें नव्हे.

आणि मग ‘ओढाळ’. शहरांतील मुलांना हा शब्द सांगावा लागतो, म्हणून थोडें विस्तारानें लिहितों. जें गुरूं कळप सोडून दुसऱ्याच्या उभ्या पिकांत वरचेवर घुसतें तें ओढाळ. त्याच्या गळ्यांत लांकडाचें लोढणें अडकवितात, म्हणजे धांवूं गेलें कीं तें पायांत येतें. खानदेशच्या बहिणाबाई चौधरींनीं (१८८०–१९५१) मनाला याच गुराची उपमा दिली, आणि ती महाराष्ट्रभर ऐकतांक्षणीं पटली, कारण ज्यानें ज्यानें शेत राखलें आहे त्याला ती पटणारच होती. आतां पाहा, कीं हिरवें पीक त्या गुराला आकर्षित करतें असें म्हणण्यास व्याकरणाची कांहींच हरकत नव्हती. तरी शेतकऱ्यानें विशेषण लावलें तें गुराला, आणि लोढणें अडकविलें तेंही गुराच्याच गळ्यांत. पीक उभें राहिलें हा त्याचा अपराध नव्हे, इतकी समज या एका शब्दांत सांठविलेली आहे. माझ्या विद्यार्थ्यांच्या वाक्यांत ती सांडली.

‘ओढ’ करतां येत नाहीं, ती लागते. मराठींतील हें ‘लागणें’ कोणत्याही इंग्रजी शब्दांत उतरविणें मला आजवर साधलें नाहीं, आणि तीस वर्षें मी हाच धंदा करीत आहें. भूक लागते, तहान लागते, झोंप लागते, ठेंच लागते; तसेंच वेड लागतें, छंद लागतो, गोडी लागते, लळा लागतो, ध्यास लागतो. ग्रहणाचे वेध लागतात, तसे सणाचेही लागतात. या सर्व वाक्यांत माणूस चतुर्थींत असतो. मला, तुला, त्याला. तो कर्ता नाहीं, आणि समोरची वस्तुही कर्ता नाहीं. कर्ता आहे ती ओढ, ती गोडी, तो लळा. आणि त्यांचा मुक्काम त्याच माणसाच्या ठायीं. त्यामुळें दोष कोणाच्या पदरांत घालावयाचा नसतो, पण अनुभव कोणाचा हें स्पष्ट राहतें. गंमत अशी, कीं या देशांतल्या कायद्याच्या इंग्रजींतही ‘अट्रॅक्ट’ हें क्रियापद फार वापरतात. अमुक कृत्य अमुक कलमाला अट्रॅक्ट करतें, अमुक व्यवहार कराला अट्रॅक्ट करतो. तेथें आमच्या तलाठ्यानें आणि पोलीस-शिपायानें कोश न उघडतां बिनचूक भाषांतर केलें : कर लागतो, दंड लागतो, कलम लागतें. जें तलाठ्याला सुचलें तें साहित्याच्या पदवीधरांना सुचूं नये!

या ठिकाणीं वाचकाच्या मनांत एक आक्षेप उभा राहिला असेल, आणि तो खरा आहे. मराठी भाषा एवढीच सोंवळी आहे काय? तिच्यांत भुरळ घालतात, मोहिनी घालतात, भुलवितात, नादीं लावतात. आमच्या गांवापासून थोड्याच अंतरावर नारायणगांव. तमाशाच्या फडांच्या राहुट्या तेथें दर वर्षीं पडतात, आणि गांवोगांवचे पुढारी यात्रेची सुपारी देण्यासाठीं तेथें लोटतात. विठाबाई नारायणगांवकरांसारखी (१९३५–२००२) कलावती याच मातींतली. फडावरची नर्तकी प्रेक्षकाला भुलविते, तेव्हां ती खरोखरच कांहीं करते. ती तिची कला आहे, वर्षानुवर्षांच्या मेहनतीनें कमाविलेली आहे, आणि तिला त्या क्रियेची कर्त्री म्हणणें हा तिचा गौरवच आहे. तेव्हां मराठींत दोन्ही तऱ्हा आहेत. जेथें भुलविणें घडलें तेथें ‘भुलविलें’ म्हणावें, जेथें ओढ लागली तेथें ‘लागली’ म्हणावें. माझी तक्रार ‘आकर्षित केलें’ या शिक्क्याविषयीं आहे, कारण त्यानें नर्तकी आणि धुणें धुणारी मुलगी एकाच पंक्तीला बसतात. इंग्रजी लेखकांनाही हा भेद कळत नाहीं असें नव्हे. भुलविण्यासाठीं, पकडण्यासाठीं, मंत्र घालण्यासाठीं त्यांच्यापाशीं निरनिराळे शब्द आहेत, आणि ‘ओढला गेलों’ असा कर्मणि प्रयोगही ते सर्रास करतात. त्यांच्या भाषेंतून आपण मात्र एकच क्रियापद उचललें आणि तेंही त्याच्या सर्वांत कोरड्या अर्थानें.

शिवाय जाहिरातीनें या शब्दाची रया घालविली आहे. आमच्या भागांतल्या बैलगाडा-शर्यती २०१४ सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानें थांबल्या होत्या. २०२१ च्या डिसेंबरांत त्यांना पुन्हा परवानगी मिळाली, आणि २०२३ च्या मे महिन्यांत त्याच न्यायालयानें त्यांचा कायदा मान्य केला. तेव्हांपासून चैत्र-वैशाखांत रस्त्याच्या दोहों बाजूंस फलक झळकतात. त्यांवर ‘आकर्षक बक्षिसें’ असतात आणि ‘प्रमुख आकर्षण’ म्हणून कोणाचा तरी फोटो असतो. घाटांत मात्र हा शब्द ऐकूं येत नाहीं. तेथें बैल गाडा ओढतात, आणि कांठावरचा माणूस म्हणतो, ‘आज माणूस मावंना.’

आळ्याला ज्या रेड्याची समाधि आहे त्याची कथा महाराष्ट्राला माहीत आहे. पैठणास ज्ञानदेवांनीं ज्याच्या मुखीं वेद वदविले तो पखालीचा रेडा पुढें त्या भावंडांबरोबर चालत निघाला, आणि आळंदीच्या वाटेवर आमच्या गांवीं त्यानें देह ठेवला, अशी परंपरा आहे. इतिहासकार तिची छाननी करोत. जन्मभर ओझें ओढणाऱ्या जनावराची समाधि लोकांनीं सातशें वर्षें जपली, इतकें मला पुरेसें आहे. गेल्या चैत्रांत यात्रेच्या सुमारास मी तेथें गेलों होतों. देवळाच्या ओट्यावर बेल्ह्याच्या बाजूचे एक वृद्ध शेतकरी टेकले होते. गुडघे दुखत असतां एवढ्या उन्हांत पायीं कां आलांत, असें मीं त्यांना विचारलें. माझा प्रश्न शहरी होता, आणि उत्तरांत रेड्याचें माहात्म्य ऐकावयास मिळेल अशी माझी अपेक्षा होती. बाबा म्हणाले, ‘काय न्हाय, यात्रा जवळ आली की पाय वढत्यात.’

रेडा ओढतो असें ते म्हणाले नाहींत, ज्ञानदेव ओढतात असेंही नाहीं. ‘पाय वढत्यात.’ ओढणारे पाय त्यांचेच होते, आणि ओढले जाणारे बाबाही तेच. मी त्यांच्याजवळ बसलों, आणि माझ्या डोळ्यांपुढें ती उत्तरपत्रिका उभी राहिली. त्या मुलीनेंही पायांवरच वाक्य रचलें होतें. ‘त्याचा पाय तेथून निघेना.’ मुलगी धुणें धूत राहिली, वाटसरू उभा राहिला, आणि जें कांहीं घडलें तें त्याच्या पायांत घडलें. माझ्या इंग्रजी उताऱ्यापेक्षां तें वाक्य सरस होतें. मूळांतलें कर्तेपण जेथें चुकलें होतें तेथें तिनें तें निमूटपणें दुरुस्त केलें होतें, आणि मीं तिला क्रियापद गळल्याचा शेरा दिला होता.

पुण्यास परतल्यावर मीं तिला बोलावून घेतलें. चांचणीचे गुण तोंवर वर धाडले गेले होते आणि त्यांत बदल करण्याची सोय उरली नव्हती, हें मीं तिला सांगितलें. तिला त्याचें फारसें कांहीं वाटलेलें दिसलें नाहीं. हें वाक्य कसें सुचलें, असें विचारतां ती जराशी गोंधळली. मग म्हणाली, ‘सर, मला ‘अट्रॅक्ट’ला शब्दच आठवेना. म्हणून जसं आम्ही घरी बोलतो तसं लिहिलं.’